सैल मान

सकाळी सहाच्या उजेडात सिरसाट सरांनी संघमित्राचं डोकं दोन्ही तळहातांत धरलं आणि कवठ पिकलं का ते पाहावं तसं हलवून पाहिलं. मान कुठेही अडली नाही. तेल घातलेल्या बिजागरीसारखी डावीकडे, उजवीकडे, मागे फिरली.

"जा," ते म्हणाले. "पुढची या."

अकोल्याच्या जुन्या शहरात, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात, गेली बत्तीस वर्षं दिवसाची सुरुवात अशीच होत होती. रिंगमध्ये पाऊल टाकण्याआधी प्रत्येकानं सरांसमोर उभं राहायचं आणि डोकं त्यांच्या हातात द्यायचं. मान ताठ लागली तर रांगेच्या शेवटी. सरांचं म्हणणं साधं होतं. भिंतीवर ठोसा मारला तर भिंतीला तडा जातो. वाळत घातलेल्या चादरीवर मारला तर चादरीचं काय जातं? ठोसा येतो त्या दिशेला मान आधीच निघालेली असली पाहिजे. समोरच्याची ताकद हवेत सांडली पाहिजे.

संघमित्रा वानखडे, सगळ्यांची मित्रा, ही या गोदामातली आजवरची सगळ्यात सैल मान होती. वय तेवीस, वजन चोपन्न किलो, खांदे कॉलेजातल्या कुठल्याही मुलीसारखे. तिची लढत पाहायला येणारे लोक बसलेले ठोसे मोजत नसत, हुकलेले मोजत. कडेनं हुक आला की तिचं डोकं त्याच्याबरोबर वळायचं, ग्लोव्ह गालाला नुसता पुसून जायचा, आणि तेवढ्यात तिचा जॅब समोरच्या नाकावर टिचकी मारून परत आलेला असायचा. मित्राला मुका मार लागलेला तिच्या आईनं कधी पाहिला नव्हता. "मार लागला तर दुसऱ्या दिवशी बंद," या अटीवरच आईनं तिला इथं पाठवलं होतं.

तीन वर्षांपूर्वी नवा नियम आला तेव्हा सरांनी गोदामात पेढे वाटले होते. नियमानं प्रत्येक खेळाडूला एक खास गमशील्ड सक्तीचं केलं. वरचे दात कवटीला घट्ट बसलेले असतात. म्हणून दातांवरचं गमशील्ड जसं हलेल, तशीच कवटी हलली असं धरता येतं. त्यातली नखाएवढी चकती सेकंदाला तीन हजार वेळा नोंद करायची, की डोकं किती झपाट्यानं सरकलं आणि किती झपाट्यानं वळलं. प्रत्येकाच्या मेंदूचा एमआरआय काढून त्याची प्रतिकृती संगणकात ठेवलेली असे. रिंगमध्ये ठोसा बसला की तो त्या प्रतिकृतीलाही बसायचा, आणि मेंदूतले तंतू कुठे, किती ताणले गेले ते कळायचं. बारा महिन्यांच्या सगळ्या ताणांची बेरीज म्हणजे ताणांक. तो शंभरावर गेला की रेफरीच्या मनगटावरचा दिवा लागायचा. लढत तिथंच संपली, हार पदरात पडली, आणि पुढचे सहा महिने रिंग बंद.

"आता तरी लोकांले समजीन," पेढा देताना सर म्हणायचे, "बॉक्सिंग म्हंजे हाणामारी नाई."

आणि तसं बरंचसं झालंही. छाती काढून मार खाणारे, 'याची हनुवटी दगडाची' म्हणून मिरवणारे खेळाडू वर्षभरात गळत गेले. मार सोसता येतो याचा अर्थ मार लागत नाही असा नाही, एवढंच त्या यंत्रानं दाखवून दिलं होतं. नजाकतीनं खेळणाऱ्यांचे दिवस आले असं सगळे म्हणत होते. म्हणूनच विभागीय स्पर्धा जिंकून आलेल्या मित्रानं आपला आकडा सांगितला, तेव्हा सरांना आधी तो ऐकूच आला नाही.

"किती?"

"एकाहत्तर."

"अन् ते नागपूरवाली? जिले तू तिन्ही राउंड धुतलं?"

"चाळीस."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मशीन भयाड हाय, येडं," ते म्हणाले.

"मले बी तेच वाटते, सर. मी कुठं मार खाल्ला? तुम्ही पाहून रायले होते ना?"

"पाहून रायलो होतो," सर म्हणाले. त्यांनी खरंच पाहिलं होतं. स्वच्छ बसलेले ठोसे एकूण चार.

---

आशियाई स्पर्धेच्या निवडीसाठी पुण्याजवळच्या क्रीडासंकुलात पाच आठवड्यांचं शिबिर होतं. चोपन्न किलोत शेवटी निवड चाचणी व्हायची आणि जिंकेल ती एकटी जायची. मित्राच्या डोक्यावर एकाहत्तर होते, हातात एकोणतीस. सर तिच्याबरोबर गेले ते यंत्राशी भांडायलाच.

यंत्राकडे पाहणारी मुलगी सव्वीस वर्षांची होती. नौशीन काझी. मूळची संभाजीनगरची, जैव-अभियांत्रिकी शिकलेली. कुणी शंका विचारली की तिचा चेहरा उजळायचा. सरांनी तिला मेसमध्येच गाठलं.

"तुमचं मशीन चुकते काय कधी?"

"चुकतं की," नौशीन म्हणाली. "म्हणून आम्ही रक्तही तपासतो. मेंदूतला तंतू दुखावला की त्याच्यातलं एक प्रथिन रक्तात झिरपतं. यंत्र आणि रक्त एकच सांगत असेल तरच आकडा धरतो. मित्राचं रक्त यंत्राच्या बाजूनं आहे, सर."

"पण तिले लागलंच नाई तर झिरपते कुठून?"

नौशीननं इकडेतिकडे पाहिलं आणि वाढपाच्या टेबलावरून दह्याच्या दोन वाट्या उचलून आणल्या. छान घट्ट लागलेलं दही होतं. एक वाटी तिनं टेबलावर जोरात पुढे ढकलली आणि दुसऱ्या हातानं थाडकन अडवली. दही थोडं थरथरलं, जागेवर राहिलं. दुसरी वाटी तिनं जागच्या जागी, कडेला धरून, एकच झटका देऊन फिरवली आणि थांबवली. दह्यानं वाटीची कड सोडली. मधून एक बारीक चीर गेली आणि तिच्यात पाणी जमू लागलं.

"मेंदू दह्यापेक्षा फार घट्ट नसतो," ती म्हणाली. "सरळ धक्का तो बऱ्यापैकी सोसतो. पीळ सोसत नाही. कवटी फिरते, मेंदू मागे राहतो. कवटी थांबते, मेंदू फिरत राहतो. तंतू ओढले जातात. हेडगार्डनं कातडी फाटायची वाचते, पीळ नाही वाचत."

सरांनी बोटानं वाटी थोडी फिरवून पाहिली.

"ठोशाबरोबर मान सोडली की नाकावरचा दणका कमी होतो, हे तुमचं अगदी बरोबर आहे. पण पुसून गेलेला ठोसा डोकं फिरवतो. सैल मानेवर साडेचार किलोचं डोकं एकटं असतं, त्याला धरायला कुणी नाही. घट्ट मानेवर डोकं धडाला जोडलेलं असतं. ठोशाला सगळं अंग फिरवावं लागतं. मित्राला चार ठोसे बसले, मान्य. पुसून गेले ते अडुसष्ट होते."

"पुसून गेलेल्याले ठोसा म्हणत नाई," सर म्हणाले. पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"ते दही खायाचं हाय, का नुसतं फिरवायचं?" मागून कुणीतरी विचारलं.

सुवर्णा चौगुले. कागलकडची. सतरा वर्षांची होईपर्यंत तालमीत कुस्ती खेळलेली आणि मग हट्टानं बॉक्सिंगला आलेली. तिची मान कानांच्या खालून सरळ खांद्यात उतरायची. सरावात मुलगे तिच्या हनुवटीवर ठोसा ठेवायचे आणि ती डोळे मिचकावून दोन पावलं पुढे यायची. तंत्र म्हणाल तर यथातथाच; पण तिचा उजवा हात बसला की समोरचीच्या गुडघ्यांना कळायचं. चोपन्न किलोत मित्राची खरी गाठ तिच्याशीच होती.

"हिचा किती?" सरांनी विचारलं.

"एकसष्ट," सुवर्णानंच सांगितलं, वाटी ओढून घेत. "पयल्या वर्षी पंच्याण्णव होता. लई मार खाल्ला. आता हात वर ठेवती. काकू, साखर हाय का साखर?"

---

सर दोन दिवस अकोल्याला जाऊन येतो म्हणाले. कारण सांगितलं नाही.

दिवाकर खंडारे त्यांचा पहिला मोठा विद्यार्थी. मित्राच्या आधी सैल मानेचं उदाहरण म्हणून सर त्याचंच नाव घ्यायचे. बावीस वर्षं खेळला, एकदाही खाली पडला नाही, नाक अजून सरळ. वय अठ्ठेचाळीस. खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली होती, ती दोन वर्षांपूर्वी त्यानं सोडली, म्हणजे त्याच्या बायकोनं सोडायला लावली. "साखर हाय त्याले," असं सर लोकांना सांगत आले होते. स्वतःलाही.

"सर!" सर घरात शिरताच दिवाकर उठून पाया पडला. "पोट्टे किती हायेत आता?"

"छत्तीस."

"छत्तीस! वा." त्यानं खुर्ची पुसून दिली. बायकोनं पाणी आणलं. सरांनी पिशवीतून टॅब्लेट काढला आणि दिवाकरची जुनी अंतिम लढत लावली. गोदामात ती ते नव्या मुलांना दाखवायचे. त्या नऊ मिनिटांतला प्रत्येक हुकलेला ठोसा त्यांना पाठ होता. आज त्यांनी हुकलेले मोजले नाहीत. पुसून गेलेले मोजले, एकेक थांबवून. दिवाकरचं डोकं वळायचं, सुंदर वळायचं, आणि वळणाच्या शेवटी एक लहानसा हिसका घेऊन थांबायचं. तो हिसका त्यांनी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. शोधायचं ठरवल्यावर तो प्रत्येक वेळी दिसला.

"मस्त खेळलो होतो ना, सर?" दिवाकर खांद्यावरून वाकून पाहत होता. "एक बी नीट बसू नाई देल्ला."

"नाई देल्ला."

"सर, पोट्टे किती हायेत आता?"

सरांनी बोटानं लढत थांबवली. पुसून गेलेल्यांचा आकडा त्रेपन्नवर होता आणि एक राउंड बाकी होता.

"छत्तीस," ते म्हणाले, पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

निघताना बायको दारापर्यंत आली. "डॉक्टर म्हणतात साखर नाई त्यांले," ती हळू आवाजात म्हणाली. "मी तुमाले सांगणार होती. मंग वाटलं, सरांले काहून वाईट वाटू द्या?"

---

"मान घट्ट कर," परत आल्यावर सर मित्राला म्हणाले. ती दोरीवरच्या उड्या मारत होती. दोरी थांबली.

"काय?"

"मान. ठोसा येतो तवा दात आवळ, हनुवटी खाली, खांदे वर. डोकं सोडू नको."

"सर, तेरा वर्षांची होती तवापासून तुम्ही सैल, सैल, सैल करून रायले. ताठ असली की रांगेच्या मांगं धाडत होते. अन् आता तीन हप्त्यात घट्ट?"

"हो."

"अन् हरली तर?"

सरांनी तिच्या हातातली दोरी काढून घेतली. बत्तीस वर्षं शिकवलेलं तीन आठवड्यांत कसं पुसायचं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मान घट्ट करण्याचे व्यायाम त्यांना येत नव्हते. त्यांनी ते कधी शिकवलेच नव्हते. ते जिच्या अंगात मुरलेलं होतं अशी एकच मुलगी त्या शिबिरात होती.

संध्याकाळी ते सुवर्णाकडे गेले. मैदानाच्या कडेला ती पाय पसरून केळं खात बसली होती.

"बाई, तुझी मान कशी झाली येवढी?"

"कमान करून. डोकं मातीला टेकवायचं, अंग उचलायचं, अन् मानंवर पुढं-मागं व्हायचं. आमच्याकडं शेंबडी पोरं बी करत्यात."

"मित्राले शिकवशील?"

सुवर्णानं केळ्याचं साल घडी घालावं तसं दुमडलं. "मास्तर, म्या तिच्याच संगट लढणार हाय नव्हं?"

"म्हणून तर तुले बदल्यात काही देतो. तुले जॅब लागते, कारण तू सरळ रेषेत येते. डावा पाय बाहेर टाकून आत कसं शिरायचं, ते मी शिकवतो. डोकं हलवायचं काम नाई, नुसते पाय."

"तुमचं डोस्कं ठिकाणावर हाय का?"

"आता जरा आलं," सर म्हणाले.

सौदा ठरला. सकाळी मित्रा मॅटवर डोकं टेकवून कमान करायची आणि सुवर्णा शेजारी मांडी घालून शिव्या घालायची. "अगं, पापड हाईस का तू? उचल की बूड!" दुपारी सर सुवर्णाचा डावा पाय खडूच्या रेघेबाहेर टाकून घ्यायचे, दिवसाला दोनशे वेळा. हे काय चाललंय असं कुणी विचारलं तर तिघंही वेगवेगळी उत्तरं द्यायची.

नौशीन रोज आकडे आणून दाखवायची. तेवढ्याच ठोशाला मित्राचं डोकं पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या आठवड्यात एक तृतीयांश कमी वळत होतं. पण मान धरली की मित्राची नजर अडकायची, नजर अडकली की पाय थांबायचे आणि जॅब अर्ध्या पळानं उशिरा निघायचा. चाचणीची उपांत्य लढत ती जिंकली, पण ओढूनताणून, आणि घाईच्या क्षणी जुनी सवय दोनदा सुटली. सराव आणि ती लढत धरून आकडा ब्याऐंशीवर गेला.

"मी माझ्यासारखी दिसतच नाई, सर," त्या दिवशी ती हाताच्या पट्ट्या सोडत म्हणाली. "आईनं फोनवर पाहिलं. म्हणे, हे कोण खेळून रायली?"

---

चाचणीची अंतिम लढत दुपारी चारला होती. प्रेक्षक फार नव्हते. इतर वजनांतले खेळाडू, प्रशिक्षक, पाच टेबलांवर पाच पंच. सरांच्या कोपऱ्यात एक लहान पडदा होता. त्यावर फक्त मित्राचा आकडा दिसायचा. सुवर्णाचा आकडा तिच्याच कोपऱ्याला.

घंटा झाली आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच सरांना कळलं की मित्रा विसरली आहे. किंवा तिनं विसरायचं ठरवलं आहे. सुवर्णाचा पहिला उजवा हात आला आणि मित्राचं डोकं त्याच्याबरोबर पाण्यातल्या कमळासारखं वळलं. प्रेक्षकांतून हसू आणि शिट्टी एकदम उठली. दुसरा आला, तिसरा आला. ग्लोव्ह गाल पुसून गेले आणि प्रत्येक वेळी जॅब नाकावर. तीन मिनिटं सरांनी आयुष्यभर जे पाहावंसं वाटलं तेच पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले आणि पडद्यावर अठ्ठ्याऐंशी दिसले.

"राउंड तुझा," कोपऱ्यात ते म्हणाले आणि तिच्या तोंडाशी पाणी धरलं. "आता मान."

"जिंकून रायली ना मी?"

"मान, मित्रा."

दुसऱ्या राउंडमध्ये तिनं ऐकलं. हनुवटी खाली, खांदे वर. लढत एकदम बदलली. सुवर्णाचे ठोसे आता पुसून जात नव्हते, हातांवर आणि कपाळावर ठप्प बसत होते. मित्रा त्यांच्यापुढे उभी राहिली. महिन्यापूर्वी ती उभी राहू शकली नसती. पण तिचा जॅब उशिरा निघत होता, आणि तो निघाला की सुवर्णा डावा पाय बाहेर टाकून आत शिरलेली असायची. अगदी खडूच्या रेघेबाहेर. सरांनी शिकवलं होतं तसंच. तिसऱ्यांदा ती अशी आत आली तेव्हा तिनं बरगड्यांखाली एक हात असा ठेवला की मित्राचा श्वास आवाज करून बाहेर पडला.

घंटा. आकडा नव्वद.

मित्रा स्टुलावर बसली. ती धापा टाकत होती, पण डोळे स्वच्छ होते. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग सरांकडे.

"सर, मान सोडू?"

"नाई."

"ऐका. सैल राउंडले सहा लागले. नव्वद अन् सहा, शहाण्णव. बसते, सर! एकच राउंड. ते राउंड मी घेते, तुमाले माहीत हाय मी घेते."

सरांना माहीत होतं. हिशेब बरोबर होता. पहिला राउंड त्यांनी पाहिला होता. सैल मानेच्या मित्राला सुवर्णा तीन मिनिटं हात लावू शकली नसती. मित्रा त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. दहा वर्षांत तिनं त्यांचं न ऐकता एकही राउंड खेळला नव्हता, पहिला राउंडसुद्धा त्यांचं जुनं ऐकूनच खेळली होती. ते 'सोड' म्हणाले असते तर तिनं सोडली असती. त्यासाठी एवढा एक शब्द पुरला असता, आणि नियम त्याला मनाई करत नव्हता.

"नाई," सर म्हणाले. "घट्ट धर. पायानं खेळ."

"सर—"

"पायानं."

रेफरीनं स्टूल काढायला सांगितलं. मित्रानं गमशील्ड दातांत घेतलं आणि जाताना त्यांच्याकडे पाहिलं नाही.

ती पायानं खेळली. कधी शिकवल्यासारखं, बऱ्याचदा नाही. मधल्या एका मिनिटात तर ती इतकं नेटकं अंतर राखून फिरली की सुवर्णाचे चार हात हवेत गेले, आणि मित्राचं डोकं खांद्यांवर निश्चल होतं. असं काही असू शकतं हे सरांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण ते मिनिटभरच टिकलं. शेवटच्या चाळीस सेकंदांत सुवर्णा आत शिरली आणि बाहेर निघाली नाही.

आकडा ब्याण्णव. पाच पंचांपैकी तिघांनी सुवर्णाला दिलं, दोघांनी मित्राला.

रेफरीनं सुवर्णाचा हात वर केला तेव्हा ती हसली नाही. तिनं मित्राला मिठी मारली आणि कानात काहीतरी म्हणाली. मित्रानं मान हलवली. मग सुवर्णा सरांच्या कोपऱ्याकडे आली, रिवाजाप्रमाणे दोरीवरून वाकून नमस्कार केला आणि पुटपुटली, "मास्तर, तुमी लई वंगाळ सौदा केलासा बघा."

---

लढतीनंतर तपासणीच्या खोलीत जावं लागायचं. नौशीननं मित्राचं रक्त घेतलं, गमशील्ड जोडलं, आकडे उतरवले. सर दाराशी उभे होते. मित्रानं त्यांना बसा म्हटलं नाही.

"नौशीनताई, एक विचारू? तुमच्याकडे माझ्या मेंदूची कॉपी हाय ना? तिसरा राउंड सैल मानेनं खेळली असती तर काय झालं असतं, ते सांगते का ते?"

"ढोबळ सांगू शकते." नौशीननं सरांकडे पाहिलं. "पहिल्या राउंडची मान घ्यायची आणि तिसऱ्या राउंडचे ठोसे द्यायचे. थांब."

पडद्यावर राखाडी रंगाचं डोकं वळू लागलं. आतले तंतू वळणाच्या शेवटी पिवळे होत, एखाद्या ठिकाणी केशरी.

"सत्त्याण्णव."

"म्हंजे बसत होतं," मित्रा म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर सरांना सोपं गेलं असतं. "बसत होतं, सर."

"हो."

"मी जिंकली असती."

"जिंकली असती."

"मंग काहून?"

सरांनी उत्तर शोधलं. पीळ, दही, प्रथिन. सगळं त्यांना आता समजत होतं, पण त्यातलं काहीच या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, कारण तेच सगळं मोजून यंत्रानं 'चालेल' म्हटलं होतं. "मले माहीत नाई," ते शेवटी म्हणाले. "शंभर आपला आकडा वाटत नाई मले. कोणी ठरवला ते बी माहीत नाई."

मित्रा नौशीनकडे वळली. "कोणी ठरवला? शंभरच काहून?"

नौशीननं पेनचं टोपण लावलं, काढलं. पहिल्यांदाच तिला शंका आवडलेली दिसली नाही. "समितीनं. आमच्या गटानं मोजून आधी ऐंशी सुचवलं होतं. ऐंशीपर्यंत रक्तातलं प्रथिन वर जाऊन खाली येतं. पुढे ते पूर्ण खाली येईलच असं नाही. नियम येण्याआधी वर्षभर चाचणी म्हणून ऐंशी धरून पाहिलं, तर राज्य स्पर्धांच्या अंतिम फेरीला निम्म्या वजनांत खेळाडूच उरेनात. मग शंभर केलं."

"म्हंजे ब्याण्णव म्हंजे—"

"म्हणजे मला माहीत नाही, मित्रा. खरंच. कदाचित काहीच होणार नाही. सत्त्याण्णवलाही कदाचित नाही."

मित्रा खुर्चीत मागे टेकली. हाताच्या पट्ट्या अजून अर्ध्याच सुटलेल्या होत्या. त्या लोंबत होत्या. बाहेर कुणीतरी पुढच्या वजनाच्या खेळाडूंची नावं पुकारत होतं.

"मी आज सकाळी आली तवाच ब्याऐंशी होते," ती म्हणाली.

"हो."

"हे मले सकाळी सांगितलं असतं तर मी खेळली नसती असं नाई." ती सरांकडे न पाहता बोलत होती. "खेळली असती. तुमच्याशी बी भांडली असती."

"भांडली असती," सर म्हणाले.

"अन् आता बी माझा राग गेला नाई."

"जाऊ बी नको दे येवढ्यात."

ती यावर जवळजवळ हसली. मग टेबलावरचा कागद तिनं ओढून घेतला. प्रत्येक लढतीनंतर तो भरून द्यावा लागे: नाव, वजन, आजचा ताणांक, आणि खाली छापील ओळ, की कमाल मर्यादा शंभर असल्याची मला कल्पना आहे. त्याखाली सहीची रेघ.

"माझा आकडा ऐंशीच्या खाली कधी येते?"

नौशीननं तारखा पाहिल्या. "मागच्या मार्चमधल्या लढती बेरजेतून गळतील तेव्हा. येत्या मार्चच्या अखेरीस. पण बेरजेतून गळणं आणि मेंदूतून जाणं एक नव्हे, हे लक्षात ठेव."

"ठेवते. मंग मार्चपर्यंत रिंग नाई. पाय अन् मान, येवढंच. अन् त्याच्यानंतर माझी मर्यादा ऐंशी. एक्क्याऐंशी झाले तर दिवा लागला पायजे. रेफरीच्या हातावर."

"फॉर्ममध्ये तशी जागा नाही," नौशीन म्हणाली. "आजपर्यंत कुणी स्वतःची कमी करून मागितलीच नाही. तसं लिहिलं तर तुला प्रत्येक स्पर्धेत वीस कमी घेऊन उतरावं लागेल. समोरचीला शंभर, तुला ऐंशी."

"सर," मित्रानं विचारलं, "वीस कमी घेऊन जिंकता येते काय?"

सरांच्या डोळ्यांसमोर तिसऱ्या राउंडमधलं ते एक मिनिट होतं. निश्चल डोकं, फिरणारे पाय, हवेत गेलेले चार हात.

"एक मिनिट येते," ते म्हणाले. "बाकीची आठ शिकवा लागतीन. मले बी आधी शिका लागतीन."

नौशीननं कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिनं पेन मित्रासमोर ठेवलं, आणि सरांनी खुर्ची ओढून टेबलापाशी घेतली.